करवियलें : श्रवणबेळगोळचे चार दिवस

दिवस पहिला

मिरजेच्या फलाटावर मावशीनं पहिला प्रश्न विचारला, "गाळणं घेतलंईस का?"

तिकिटं, आधारकार्ड, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या हे सगळं नंतर. गाळणं म्हणजे पाणी गाळायचं दुहेरी पांढरं कापड. आमच्याकडे, जैनांत, कुठल्याही यात्रेच्या पिशवीत ते सगळ्यांत वर असतं. बाटलीतलं पाणी गाळलेलंच असतं, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हणजे एकदा झाली होती, वीस वर्षांपूर्वी. पुन्हा नाही.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेस दुपार कलल्यावर सुटली. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून घटप्रभा मागं पडायच्या आधीच डबे उघडले: दशम्या, बिनलसणाची शेंगाची चटणी, घट्ट दही. समोरच्या बाकावरचा पोरगा इतक्या लवकर जेवणाऱ्या तीन बायकांकडं जरा नवलानं बघत होता. मावशीनं त्याच्या हातावर एक दशमी ठेवली आणि विषय संपवला.

आई याआधी बेळगोळला, कर्नाटकातल्या आमच्या जैनांच्या तीर्थाला, गेली होती 1981 साली. तिथल्या बाहुबलीच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून तेव्हाचा महामस्तकाभिषेक, म्हणजे मूर्तीला डोक्यावरून घालायचा अभिषेक, फार मोठा झाला. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली, ते आईनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हेलिकॉप्टर पाहिलं, देवाचं डोकं आणि खांदे लांबून पाहिले, वर मात्र जाता आलं नाही, एवढी गर्दी. मग 1993 ला आजी अंथरुणाला, 2006 ला माझं बाळंतपण, 2018 ला बाबांचं दुखणं. अभिषेक बारा वर्षांनी येतो आणि घरात तेव्हाच काहीतरी निघतं. पुढचा 2030 ला. "तवर माझं गुडघं थांबत नाहीत," आई म्हणाली. "अभिषेक नको. मला पाय बघायचेत नुसते."

मला वेगळंच काही बघायचं होतं. शाळेत आम्हाला एक ओळ पाठ होती: श्रीचावुण्डराजें करवियलें. मराठीतलं पहिलं कोरलेलं वाक्य म्हणून. पुढे अलिबागजवळच्या अक्षीचा 1012 सालचा लेख त्याच्या आधीचा ठरवला गेला. बेळगोळच्या मराठी ओळी मूर्तीच्या वेळच्या नसून 1117 च्या सुमाराला कोरल्या असाव्यात, असंही अभ्यासक म्हणतात. म्हणजे पहिलेपणाचा मान गेला. पण पाठ केलेली ओळ डोक्यातून जात नाही.

दिवस दुसरा

अरसीकेरेला उतरलो तेव्हा मिट्ट काळोख होता. स्टेशनवर चहा घेऊन उजाडायची वाट पाहिली आणि चन्नरायपट्टणची पहिली बस धरली. दोन्ही बाजूंना नारळच नारळ. शेजारचं तिपटूर ही सुक्या खोबऱ्याची मोठी बाजारपेठ, त्यामुळे मावशीनं रस्ताभर खोबऱ्याच्या भावाचा हिशेब मांडला.

आईचं माहेर अथणीकडचं, त्यामुळे कन्नडची बाजू तिच्याकडं. तिनं कंडक्टरला ऐटीत विचारलं, "एष्टु रोक्का?" तो हसला. "दुड्डा, अम्मा? हुबळी कडेयवरा?" पैशाला उत्तरेत रोक्का आणि इकडं दुड्डु, एका शब्दावरनं त्यानं आईला साडेतीनशे किलोमीटर वर नेऊन ठेवलं. आई जरा हिरमुसली, मग स्वतःच हसायला लागली.

चन्नरायपट्टणपासून बेळगोळ 13 किलोमीटर. सपाट शेतं, नारळ, तळी, आणि मध्येच एकाएकी उघडाबोडका काळपट खडक वर आलेला. गावकरी त्याला दोड्डबेट्ट म्हणतात, मोठा डोंगर. पुस्तकातलं नाव विंध्यगिरी. समोर चिक्कबेट्ट, लहान डोंगर, म्हणजे चंद्रगिरी. दोन्हींच्या मध्ये गाव आणि कल्याणी तळं. या तळ्यावरूनच नाव: बेळ म्हणजे पांढरं, कोळ म्हणजे तळं.

आता माझा मूर्खपणा. धर्मशाळेत आंघोळी उरकून साडेदहा वाजले, आणि मी म्हणाले, आत्ताच चढून येऊ, उद्या निवांत. फेब्रुवारी संपत आलेला. वर अनवाणीच जायचं असतं, चपला खाली ठेवायच्या. पहिल्या पन्नास पायऱ्यांना काही वाटलं नाही. शंभराच्या पुढे ग्रॅनाइट चटके द्यायला लागला. खाली एक बाई मोजे विकत होती, ते मी "कशाला" म्हणून घेतले नव्हते. आई काही बोलली नाही, नुसती एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी राहिली. परतलो. उतरताना मावशी म्हणाली, "देव हजार वर्सं उन्हात उभा हाय, तुला एक दिवस दम निघंना." याला उत्तर नव्हतं.

दुपार मठाच्या भोजनशाळेत आणि गावातल्या बस्त्या बघण्यात गेली. (जैन मंदिराला आपल्या सांगली-कोल्हापूरकडं बस्ती म्हणतात, इथं बसदि. शब्द एकच.) जेवणात सारू, भात, कोशिंबीर, कांदा-लसूण-बटाटा अर्थातच नाही. भाकरीही नाही, आणि ते मावशीला लागलं.

भंडारी बस्ती 1159 ची. होयसळ राजा पहिला नरसिंह याचा खजिनदार हुळ्ळ यानं ती बांधली, म्हणून भंडारी. आत एका लांबच लांब चौथऱ्यावर चोवीस तीर्थंकर ओळीनं उभे. आई प्रत्येकासमोर थांबून नाव घेत पुढं सरकत होती. सतराव्यापाशी तिचा क्रम चुकला, तर परत पहिल्यापासून. मी खांबाला टेकून बसले.

अक्कन बस्ती मात्र मला मनापासून आवडली. आचियक्का नावाच्या बाईनं 1181 साली बांधली. तिचा नवरा चंद्रमौळी, दुसऱ्या बल्लाळाचा मंत्री, शैव ब्राह्मण. ती जैन. नवरा शंकराचा भक्त, बायको पार्श्वनाथाची, आणि बस्ती बायकोच्या नावानं: अक्काची बस्ती. आतले खांब काळ्या दगडाचे, चरकावर फिरवून गोल केलेले, इतके घोटलेले की मावशीनं त्यात बघून पदर सारखा केला.

दिवस तिसरा

पहाटे पाचला आईच मला उठवायला आली. पांढरी साडी, हातात अक्षता-लवंगांची डबी. मावशीनं डोली ठरवली होती. डोली म्हणजे बांबूला टांगलेली खुर्ची, चार गडी उचलतात. आईला विचारलं तर म्हणाली, "मी काय आजारी हाय?"

पायऱ्या साडेसहाशेच्या आसपास. रचलेल्या नाहीत, डोंगराचा खडकच कोरून काढलेल्या, बुटक्या, मध्ये लोखंडी कठडा. सकाळी दगड गार असतो, तळव्याला जरा ओलसर लागतो. आईची पद्धत ठरली: तीस पायऱ्या, थांबा, एकदा णमोकार मंत्र, पुन्हा तीस. मावशीची डोली आम्हाला ओलांडून गेली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. आधी वाटलं जप करतेय. वर गेल्यावर कळलं, पुढच्या गड्याच्या मानेवरची शीर तिला बघवत नव्हती. शेवटच्या टप्प्याला तिनं डोली खाली ठेवायला लावली आणि उरलेलं चालत गेली. पैसे पूर्ण दिले. "माणसाच्या खांद्यावर बसून त्यागाच्या देवाला जायचं म्हंजे..." एवढंच म्हणाली.

वर तट लागतो. मग ओदेगल बस्ती, भिंतींना बाहेरून दगडी तिरके टेकू दिलेली; ओदेगल म्हणजे टेकूचा दगड. मग त्यागद कंब, वेलबुट्टीनं भरलेला खांब. मूर्ती करवणारा मंत्री चावुंडराय इथं दान वाटायचा असं सांगतात. पुढं अखंड बागिलु, एकाच शिळेतून कोरलेला दरवाजा, वर गजलक्ष्मी. आम्ही हे सगळं भराभर ओलांडलं. अंगणाच्या तोंडाशी मावशी थबकली. तिथं मूर्तीकडं तोंड करून एक म्हातारी उभी आहे, हातात वाटीसारखं फळ. गुळ्ळेकायि अज्जी.

तिची गोष्ट आमच्या घरात देवाच्याही आधी सांगतात. मूर्ती झाली, चावुंडरायानं पंचामृताचा अभिषेक मांडला, घड्यांवर घडे ओतले, पण धार कमरेखाली उतरेना. मी करवलं, याचा त्याला ताठा चढला होता. शेवटी एका दरिद्री म्हातारीला पुढं येऊ दिलं. तिच्याकडं गुळ्ळेकायि नावाच्या फळाच्या पोकळ करवंटीत घोटभर दूध. ते ओतलं आणि मूर्ती नखशिखांत न्हाली, दूध डोंगरावरनं ओघळून खाली गेलं. म्हातारी म्हणजे कूष्मांडिनी यक्षी, असं शास्त्री सांगतात. मावशीला ते पटत नाही. "यक्षी कशाला? म्हातारीच असंल," ती म्हणते. तिनं आधी अज्जीला हात जोडले, मग आत आली.

आत गेल्यावर पहिल्यांदा सगळी मूर्ती दिसतच नाही. जवळ असता, त्यामुळे नजर पायांवर पडते आणि मान मागं न्यावी लागते. 57 फूट, डोंगराच्या माथ्याचाच दगड खोदून काढलेली, खांद्यांपाशी 26 फूट रुंद, तोंड उत्तरेला. मांड्यांपर्यंत मागं दगडाचा आधार आहे, त्याच्यावर काही नाही. दोन्ही बाजूंना वारुळं, त्यांतून डोकावणारे साप, आणि माधवीची वेल पायांवरून चढत दंडांना दोन वेढे देऊन गेलेली. भावाशी, भरताशी, दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध तिन्ही जिंकून, जिंकलेलं राज्य परत देऊन हा माणूस वर्षभर हलला नाही, त्याचा हिशेब शिल्पकारानं वेलीच्या वाढीनं मांडलाय. चेहऱ्यावर हसू आहे म्हणावं तर आहे. कुंभोजच्या बाहुबलीला लहानपणापासून शेकडो वेळा गेलेय. ती 28 फुटांची संगमरवरी मूर्ती 1963 सालची, पांढरी, घरातली वाटते. या दगडासमोर मी तसं काही म्हणू शकत नाही.

आई बघत होती ते पायच. 9 फुटांचं पाऊल. पुजारी पादाभिषेक करत होते, पाणी, दूध, मग चंदन. बोटांच्या फटींतून दूध खाली येत होतं आणि अंगठ्याच्या नखाशी क्षणभर साठून मग निसटत होतं. आईनं गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, गुडघ्यांनाही लावलं. 1981 पासून राहिलेलं काम झालं. रडली वगैरे नाही. तिनं डबीतल्या लवंगा मोजून वाहिल्या आणि माझ्याकडं वळली. "आता तुझं काय ते दाव."

वारुळाच्या कडेला, पायांशी, ठळक अक्षरं. जरा वाकून, कठड्याच्या अलीकडूनच बघावं लागतं. देवनागरी आहे, पण जुन्या वळणाची; पाठ असल्यामुळे वाचता आली, नाहीतर अडखळले असते. श्रीचावुण्डराजें करवियलें. त्याखाली श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें. तोच मजकूर कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेला आहे. गंग राजाच्या या मंत्र्यानं मूर्ती करवली 980 नंतरच्या दोन-तीन वर्षांत. आणि होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज यानं सव्वाशेहून जास्त वर्षांनी तिच्याभोवतीचं आवार.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सुत्ताले म्हणजे काय, हे बाईंनी शाळेत सांगितलं होतं, मी विसरले होते.

"सुत्त म्हंजे भोवती," आई म्हणाली. "सुत्तमुत्त म्हणतोय न्हवं आपण, आजूबाजूला. भोवतीची भिंत आसंल ही."

चाळीस वर्षं मराठीची म्हणून मिरवलेली ओळ, आणि तिचा शब्द उलगडला आईच्या माहेरच्या कन्नडनं. ज्या कन्नडवरनं काल बसमध्ये ती हसण्यावारी गेली होती, त्याच.

मावशी मागून बघत होती. "आणि करवियलें?"

"करवलं. करवून घेतलं."

"म्हंजे त्यानं केलं न्हाई."

"नाही. करायला लावलं."

"मग केलं कुणी?"

मी वर बघितलं, खाली बघितलं. तिन्ही भाषांत ते नाही. तशी ओळ प्रामाणिक आहे, केलें म्हणत नाही, करवियलें म्हणते. पण मावशीला प्रामाणिकपणा नको होता, नाव हवं होतं.

उतरताना आई थकली. उतारच गुडघ्यांना जास्त लागतो. बसत बसत खाली यायला तास लागला. आईनं पायऱ्या मोजल्या होत्या, 638. मावशी म्हणाली, तिनं डोलीत बसून मोजल्या, 700 च्या वर. दोघींचा वाद संध्याकाळपर्यंत चालला. चपलांपाशी मावशीचे डोलीवाले भेटले, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते. तिनं आईला त्यांची नावं विचारायला लावली. चौघांनी सांगितली. तिनं परत परत म्हणून ती पाठ केली.

दिवस चौथा

चंद्रगिरी सोपा. पायऱ्या दोनशेच्या आसपास, चढ अंगावर येत नाही. फिरायला येणारे बरेचजण हा डोंगर गाळतात, मोठी मूर्ती बघितली की झालं. खरं तर सगळं सुरू झालं ते इथं.

बारा वर्षांचा दुष्काळ पडणार म्हणून श्रुतकेवली (सगळी शास्त्रं जाणणारे) भद्रबाहू मुनींचा संघ घेऊन उत्तरेतून दक्षिणेला आले, सोबत राज्य सोडलेला चंद्रगुप्त मौर्य, आणि दोघांनी इथंच सल्लेखना घेतली, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवला, ही परंपरा. इसवी सन 600 च्या सुमाराचा एक लेख या डोंगरावर त्या दुष्काळाच्या भाकिताचं सांगतो. भद्रबाहूंच्या गुहेत पावलं कोरलेली आहेत. वाकून आत जावं लागतं, आत थंडगार.

आणि लेख. बेळगोळ आणि आसपास मिळून 573 लेख नोंदले गेलेत, त्यांतले 271 या एकट्या लहान डोंगरावर. कित्येक तर पायाखालच्या खडकावरच कोरलेले, आता भोवती कठडे घातलेत. बहुतेक सल्लेखनेचे: अमक्या मुनींनी, अमक्या आर्यिकेनं इथं अन्न सोडून देह ठेवला. राष्ट्रकूटांचा शेवटचा वारस चौथा इंद्र 982 साली इथंच गेला. आई या खडकांवर फार जपून चालत होती. तिची आजी 1955 ला कुंथलगिरीला गेली होती, आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना चालू होती तेव्हा. तिथली माणसांची रांग, महाराजांचा पाण्याचाही त्याग, हे आईनं लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ती स्वतः गेल्यासारखी सांगते. इथं मात्र काही सांगत नव्हती. एका लेखापाशी खाली बसली, हातानं धूळ झाडली, उठली.

डोंगराच्या कडेवरून समोर पाहिलं तर विंध्यगिरीच्या तटावर बाहुबलीचं डोकं आणि खांदे दिसतात. 1981 ला आईनं पाहिले तेवढेच. चावुंडराय इथवर आला तो आईसाठी, असं सांगतात. काळलादेवीनं पौदनपुरच्या बाहुबलीबद्दल ऐकलं आणि दर्शन होईपर्यंत दूध सोडलं. वाटेत इथं मुक्काम पडला, स्वप्न पडलं, सकाळी त्यानं या डोंगरावरून समोर बाण सोडला आणि जिथं लागला तिथं मूर्ती. हे मी आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "ठाऊक हाय. त्यानं आईला डोली केली आसंल."

शेवटी चंद्रगुप्त बस्ती. लहानशी, दाटीत दडलेली. तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळ्या आहेत, बाराव्या शतकातल्या. प्रत्येक जाळीत चौकोनांच्या ओळी, एकूण 90, आणि प्रत्येक चौकोनात बोटभर माणसं: भद्रबाहू, चंद्रगुप्त, संघ, राजवाडा, वाट. आत उजेड कमी, मोबाईलची बॅटरी लावून बघत होते. तिथला राखणदार आला, त्यानं जाळीवर एके ठिकाणी बोट दाखवलं आणि म्हणाला, "दासोज."

आईनं कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले. मग मावशीकडं वळली. "हे ज्यानं कोरलं त्याचं नाव. दासोज."

मावशीनं चष्मा पुसला, जाळीशी नाक नेलं. जुनी कन्नड अक्षरं, वाचता तर आम्हा तिघींनाही येईनात. तरी ती बराच वेळ तिथं बघत उभी होती. मग डबीतल्या उरलेल्या दोन लवंगा काढल्या. आईनं हात धरला, "अगं, तिथं वाहत न्हाईत." मावशीनं लवंगा परत डबीत टाकल्या, पण डबी आईला परत दिली नाही.

संध्याकाळी चन्नरायपट्टण, रात्री अरसीकेरे, मध्यरात्र उलटल्यावर गाडी. सकाळी धारवाडच्या पुढे जाग आली तर मावशी पिशवी उलथीपालथी करत होती. गाळणं धर्मशाळेच्या खिडकीत वाळत राहिलं होतं. माझ्याकडं बघून ती काही बोलली नाही, हे जास्त वाईट. आईनं धुतलेला पांढरा रुमाल काढला, दुहेरी केला, मावशीनं तो तांब्याच्या तोंडावर ताणून धरला.

"वत," मावशी म्हणाली. "सावकाश. आणि ते डोलीवाल्यांतल्या तिसऱ्याचं नाव काय गं?"